लिंगभाव विसंगतीचे निकष शेजारी ठेवून कसे वाचावेत

दोन वर्षांपूर्वी २७ वर्षांचा एक तरुण माझ्यासमोर बसला होता. त्याची ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत. जन्मवेळी त्याची नोंद मुलगी म्हणून झाली होती. १४ महिन्यांपासून तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) घेत होता, पुण्यातील एका वर्कशॉपमध्ये नोकरी करत होता आणि छातीच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला मानसिक आरोग्य तज्ज्ञाचे पत्र हवे होते. त्याच्या पाठपिशवीत आधीच्या एका ठिकाणचा अहवाल होता. घड्या पडून मऊ झालेल्या त्या कागदाची शेवटची ओळ अशी होती : ‘सध्या लक्षणीय मानसिक त्रास आढळत नाही, त्यामुळे निदानाचे निकष पूर्ण होत नाहीत.’ कागद माझ्याकडे सरकवत त्याने विचारले, “मॅडम, मी तिथे रडलो असतो तर पत्र मिळालं असतं का?”

हा प्रश्न मनातून जात नाही, आणि हे मार्गदर्शन मी त्याच्यामुळेच लिहीत आहे. लिंगभाव विसंगती म्हणजे जन्मवेळी नोंदवलेले लिंग आणि व्यक्तीला आतून जाणवणारा लिंगभाव (जेंडर) यांचा मेळ नसणे; त्या अहवालातील निदान याच स्थितीचे होते. अहवाल लिहिणाऱ्याने निकष वाचलेच नव्हते असे मला वाटत नाही. त्याने एका पुस्तकातील एक अट उचलली, ती त्या पुस्तकातील पुढच्या टिपेपासून तोडली, आणि दुसऱ्या वर्गीकरणात ती अट मुळातच नाही याकडे पाहिले नाही. निकषांची तुलना नीट केली असती तर त्या तरुणाचे वर्ष वाया गेले नसते. समुपदेशक, मानसशास्त्राचे विद्यार्थी, नव्याने काम सुरू केलेले मनोविकारतज्ज्ञ आणि स्वतः उपचार घेऊ इच्छिणाऱ्या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्ती व त्यांचे कुटुंबीय, अशा सर्वांना उपयोगी पडेल अशा बेताने मी हे लिहीत आहे.

आधी कोणता मजकूर हाती आहे ते पाहा

आपल्याकडच्या कागदांवर तीन मजकूर भेटतात. पहिला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती, म्हणजे आयसीडी-१०; तिला १९९० साली जागतिक आरोग्य सभेने मान्यता दिली. दुसरा अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनचा डीएसएम-५, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाची पुस्तिका, जो २०१३ साली आला आणि २०२२ साली सुधारित मजकुरासह पुन्हा प्रसिद्ध झाला. तिसरा आयसीडी-११, म्हणजे त्याच वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती; त्याला मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला.

या तिन्ही मजकुरांत निदानाचे नाव वेगळे आहे, आणि नावाबरोबर निदानाचा विषयही बदलला आहे. आयसीडी-१० मध्ये ‘ट्रान्ससेक्शुअॅलिझम’ हे निदान मानसिक विकारांच्या प्रकरणात, प्रौढ व्यक्तिमत्त्वाच्या व वर्तनाच्या विकारांच्या गटात होते. म्हणजे माणसाची ओळख हाच विकार असे त्या मांडणीत गृहीत होते. डीएसएमच्या १९९४ च्या आवृत्तीतील ‘जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर’ या निदानाची जात तीच होती. डीएसएम-५ ने ते नाव काढून ‘जेंडर डिस्फोरिया’ आणले, ज्याला आपण लिंगभाव अस्वस्थता म्हणू. तेथे ओळखीऐवजी विसंगतीतून येणारा त्रास हा निदानाचा विषय झाला. आयसीडी-११ ने ‘जेंडर इनकॉन्ग्रुअन्स’, म्हणजे लिंगभाव विसंगती, ही संज्ञा घेतली आणि ती मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढून लैंगिक आरोग्याशी संबंधित स्थितींच्या सतराव्या प्रकरणात ठेवली. वर्गीकरणातून ती पूर्णपणे काढली नाही, कारण निदानाचा संकेतांक (कोड) नसेल तर संप्रेरके, शस्त्रक्रिया आणि विमा या साऱ्यांची दारे बंद होण्याचा धोका असतो.

येथे एक सापळा आहे. एफ ६४.० हा संकेतांक आयसीडी-१० मध्ये ट्रान्ससेक्शुअॅलिझमचा आहे, आणि डीएसएमच्या सुधारित मजकुरात किशोरवयीन व प्रौढांच्या लिंगभाव अस्वस्थतेपुढेही तोच छापलेला आहे. त्यामुळे जुन्या केसपेपरवर केवळ एफ ६४.० दिसला तर कोणते निकष लावले होते ते त्यावरून कळत नाही. आयसीडी-११ चा किशोरवयीन व प्रौढांसाठीचा एचए ६० हा संकेतांक मात्र असा गोंधळ करत नाही. म्हणून कोणताही जुना अहवाल हाती आला की सर्वप्रथम समासात पेन्सिलीने लिहावे : कोणते वर्गीकरण, कोणती आवृत्ती, कोणते वर्ष. हे अहवालातच नसेल तर तसेही लिहावे, कारण तो त्या अहवालातील उणेपणा आहे आणि त्याचा भार रुग्णावर पडू नये.

शब्दांबद्दलही एक गोष्ट. मराठीत ‘लिंग’ हा एकच शब्द शरीराचे लिंग, व्याकरणातील लिंग आणि पुरुषाचे जननेंद्रिय या तिन्हींसाठी वापरला जातो. निकषांचे घाईत केलेले मराठी भाषांतर वाचताना ‘लिंगाबद्दल अस्वस्थता’ असे दिसले की समोरची व्यक्ती जननेंद्रियाविषयीचा प्रश्न समजून गप्प होते. ‘जन्मवेळी नोंदवलेले लिंग’ आणि ‘अनुभवलेला लिंगभाव’ असे दोन स्वतंत्र शब्द सुरुवातीपासून ठेवले तर पुढची अर्धी गल्लत टळते.

यादी न करता प्रश्न मांडा

बहुतेक जण तुलना म्हणून दोन याद्या समोरासमोर चिकटवतात आणि कोणते कलम कोणाशी जुळते त्याच्या रेघा ओढतात. त्याऐवजी मी एका आडव्या कागदावर डावीकडे प्रश्न लिहिते आणि प्रत्येक मजकूर त्या प्रश्नाला काय उत्तर देतो ते नोंदवते. व्यक्तीला काय दाखवून द्यावे लागते? किती काळाचे? शरीराविषयी काही असलेच पाहिजे का? ‘विरुद्ध’ लिंगच हवे, की अन्य लिंगभाव चालतो? त्रास हवा का? आणि कोणाला वगळले आहे?

काळाचा प्रश्न सोपा आहे. आयसीडी-१० किमान २ वर्षे सातत्य मागते, डीएसएम-५ किमान ६ महिने. आयसीडी-११ च्या अधिकृत संक्षिप्त व्याख्येत ठळक आणि टिकून राहिलेली विसंगती एवढेच म्हटले आहे; ती तयार होत असताना ज्या निकषांच्या प्रत्यक्ष चाचण्या झाल्या, त्यांत ‘किमान काही महिने सतत’ अशी अट होती. शिवाय वयात येण्यापूर्वी एचए ६० हे निदान देता येत नाही.

लक्षणांची संख्या पाहताना मात्र थांबून थोडे गणित करावे. डीएसएम-५ मध्ये किशोरवयीन व प्रौढांसाठी सहा लक्षणे आहेत आणि त्यांपैकी किमान दोन असावी लागतात. त्यांतील तीन शरीराशी निगडित आहेत : अनुभवलेला लिंगभाव आणि प्राथमिक वा दुय्यम लैंगिक लक्षणे (जननेंद्रिये, तसेच वयात येताना दिसू लागणारी दाढी, स्तन यांसारखी) यांतील विसंगती, ती लक्षणे नकोशी वाटणे, आणि दुसऱ्या लिंगभावाची शारीरिक लक्षणे हवीशी वाटणे. उरलेली तीन अशी : दुसऱ्या लिंगभावाचे असण्याची तीव्र इच्छा, लोकांनी तसे वागवावे ही तीव्र इच्छा, आणि आपल्या भावना व प्रतिक्रिया त्या लिंगभावाच्या आहेत ही ठाम खात्री. आयसीडी-११ साठी तपासलेल्या निकषांत चारच लक्षणे होती आणि त्यांपैकीही किमान दोन आवश्यक होती. पण त्या चारांतील तीन शरीराविषयी आहेत आणि एकच सामाजिक जगण्याविषयी आहे. याचा अर्थ असा, की डीएसएमचा पहिला भाग शरीराबद्दल एकही तक्रार नसताना पूर्ण होऊ शकतो, तर आयसीडी-११ च्या त्या चारांतील कोणतीही दोन निवडली तरी त्यांत शरीराविषयीचे किमान एक येतेच. ज्या व्यक्तीला शरीरात कोणताही बदल नको आहे, केवळ समाजाने आपल्याला आपल्या लिंगभावाने ओळखावे एवढीच इच्छा आहे, तिच्या बाबतीत दोन मजकुरांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. ती व्यक्ती वैद्यकीय उपचार मागत नसेल, तर तिला निदान न मिळण्याने काही बिघडत नाही, हेही येथेच नोंदवावे.

‘विरुद्ध लिंग’ या कल्पनेबाबत आयसीडी-१० सर्वांत अरुंद आहे. ती विरुद्ध लिंगाची व्यक्ती म्हणून जगण्याची व स्वीकारले जाण्याची इच्छा मागते आणि तिच्या जोडीला संप्रेरके व शस्त्रक्रियेची इच्छाही धरते. डीएसएम-५ ने ‘नोंदवलेल्या लिंगाहून वेगळा अन्य कोणताही लिंगभाव’ असा कंस जोडला. आयसीडी-११ मध्ये ‘अनुभवलेला लिंगभाव’ एवढाच शब्द आहे, आणि शरीर त्याच्याशी ‘जितके हवे असेल तितके’ जुळवून घेण्याची भाषा आहे. ‘जितके हवे असेल तितके’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात, कारण सर्व उपचार घेतले तरच खरी पारलिंगी व्यक्ती, ही जुनी समजूत त्यांनी मोडली.

वगळण्याच्या अटींत आयसीडी-१० म्हणते की ही स्थिती स्किझोफ्रेनियासारख्या दुसऱ्या मानसिक विकाराचे लक्षण नसावी, आणि आंतरलिंगी स्थितीशी (जन्मतःच शरीराची लैंगिक लक्षणे स्त्री वा पुरुष या ठरावीक साच्यात न बसणे) किंवा गुणसूत्रांतील फरकाशी जोडलेली नसावी. डीएसएम-५ ने आंतरलिंगी व्यक्तींना बाहेर न ठेवता त्यांच्यासाठी स्वतंत्र उपनोंद दिली आहे. केवळ वागण्यातील वेगळेपणा आणि आवडीनिवडी यांवरून निदान करू नये, असे आयसीडी-११ स्पष्ट शब्दांत बजावते. केस वाढवणारा मुलगा किंवा क्रिकेट खेळणारी मुलगी पाहून पालक घाबरेघुबरे होऊन येतात तेव्हा हे वाक्य मी त्यांना वाचून दाखवते.

त्रासाची अट : येथे सर्वांत जास्त वेळ द्या

डीएसएम-५ चा दुसरा भाग सांगतो की ही स्थिती वैद्यकीयदृष्ट्या लक्षणीय त्रासाशी किंवा सामाजिक, व्यावसायिक वा जगण्याच्या अन्य महत्त्वाच्या क्षेत्रांतील अडथळ्याशी निगडित असली पाहिजे. आयसीडी-११ मध्ये त्रास असू शकतो, पण तो अट नाही. तुलनेतील सर्वांत मोठा फरक हाच, आणि माणसांना सर्वांत जास्त फटका बसतो तोही येथेच.

ही अट काढण्यामागे नुसते औदार्य नव्हते. आयसीडी-११ च्या तयारीत मेक्सिको सिटीतील एका क्लिनिकमध्ये २५० पारलिंगी प्रौढांना त्यांच्या किशोरवयातील अनुभवांबद्दल विचारण्यात आले आणि तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. मानसिक त्रास आणि जगण्यातील अडथळे यांचा अंदाज लिंगभाव विसंगतीपेक्षा सामाजिक नकार आणि हिंसा यांवरून अधिक चांगला बांधता येत होता, असे त्यातून दिसले. म्हणजे त्रासाचा मोठा वाटा घरातून, शाळेतून, रस्त्यावरून येत होता. मग ज्याच्या आईने त्याला जवळ घेतले, ज्याच्या मित्रांनी त्याचे नाव स्वीकारले, त्या माणसाला कमी त्रास होईल हे उघड आहे. आणि त्रास कमी म्हणून निदान नाही व निदान नाही म्हणून उपचार नाही असे आपण म्हणू लागलो, तर प्रेमाने वागणाऱ्या कुटुंबाची शिक्षा त्यांच्याच मुलाला होते.

डीएसएम-५ वापरायचेच असेल, तर ते पूर्ण वापरावे. त्यात ‘संक्रमणानंतर’ अशी एक उपनोंद आहे. जी व्यक्ती हव्या असलेल्या लिंगभावात पूर्णवेळ जगू लागली आहे आणि जिने किमान एक वैद्यकीय उपचार घेतला आहे किंवा त्याची तयारी करत आहे, तिच्यासाठी ही उपनोंद आहे, कारण उपचारांनी त्रास ओसरला तरी पुढची देखभाल थांबवता येत नाही. रक्तदाबाची गोळी घेऊन दाब नियंत्रणात आला म्हणून कोणी गोळी बंद करत नाही. माझ्यासमोरच्या तरुणाच्या बाबतीत ही उपनोंद थेट लागू होती. १४ महिन्यांच्या टेस्टोस्टेरॉनने त्याचा आवाज बदलला होता, दाढी येऊ लागली होती, वर्कशॉपमधले सगळे त्याला त्याच्या नावाने हाक मारत होते. त्रास आढळला नाही याचे कारण उपचार लागू पडत होते.

तरीही त्रास होता, फक्त विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात तो येत नव्हता. ‘तुम्हाला त्रास होतो का?’ या प्रश्नाला आपल्याकडचा कष्टाची सवय असलेला माणूस ‘नाही, चाललंय’ असेच उत्तर देतो. मी त्याला विचारले, “उन्हाळ्यात वर्कशॉपमध्ये काय घालता?” मग त्याने सांगितले : आत छाती सपाट दिसावी म्हणून घट्ट बाइंडर, त्यावर बनियन, त्यावर जाड शर्ट, एप्रिल-मेमध्ये दुपारी श्वास अपुरा पडतो, बरगड्यांखाली पुरळ उठले आहे, आणि बाकीचे दुपारी शर्ट काढून नळाखाली डोके धरतात तेव्हा हा सामान मोजायला आत जातो. हे सारे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, दिनक्रमासारखे सांगितले. त्रासाची नोंद घेताना असे तपशील जसेच्या तसे लिहावेत, आणि शरीरातून येणारा त्रास व लोकांकडून येणारा त्रास यांचे दोन वेगळे परिच्छेद करावेत.

मुलाखतीत काय ऐकावे

मराठीत क्रियापदावरूनच बोलणाऱ्याचे लिंग कळते, आणि ही सोय इंग्रजीत लिहिलेल्या निकषांना ठाऊक नाही. त्याच मुलाखतीच्या मध्यात त्याच्या आईचा फोन आला. “हो आई, जेवले,” असे तो म्हणाला, फोन ठेवला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “सकाळी लवकर जेवलो होतो.” त्या दोन वाक्यांतील अंतर कोणत्याही प्रश्नावलीत मावणार नाही. तथापि हे पुरावा म्हणून वापरू नये. घरी सुरक्षित राहण्यासाठी अनेक जण नोंदवलेल्या लिंगाचेच क्रियापद वापरतात, काही ठिकाणच्या बोलीत मुलीही ‘मी जातो’ म्हणतात, तर काही जण दोन्ही रूपे टाळून ‘जेवण झालं’ अशी वाक्यरचना करतात. पुरावा शोधण्यापेक्षा सरळ विचारावे : “मी तुमच्याशी बोलताना ‘तुम्ही आलात’ म्हणते, तेव्हा अडचण नसते; पण तुमच्याबद्दल लिहिताना कोणते रूप वापरू?”

सातत्य तपासताना तारखा मागू नयेत, प्रसंग मागावेत. शाळेचा गणवेश बदलला तेव्हा काय झाले, वयात येताना कोणती गोष्ट पहिल्यांदा खुपली, लग्नाचा विषय निघाला तेव्हा घरात काय बोलणे झाले, स्वतःसाठी पहिल्यांदा नवे नाव कधी योजले. मोठेपणी प्रथमच हे उमगलेली व्यक्तीही खरीच असते. प्रौढांसाठीच्या या तिन्ही मजकुरांत लहानपणापासूनच असले पाहिजे अशी अट नाही, हे लक्षात ठेवावे.

नैराश्य, चिंता किंवा अन्य मानसिक आजार सोबत असतील तर निदान बाद होत नाही. आयसीडी-१० मधील वगळण्याची अट अनेकदा इतकी ताणली जाते की नैराश्याच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला ‘आधी ते बरे करा’ म्हणून परत पाठवले जाते. त्या अटीत विचारलेला प्रश्न एवढाच आहे की ही ओळख दुसऱ्या आजाराचे लक्षण म्हणून उपजली आहे का. भ्रम असताना आलेली आणि भ्रमाबरोबर ओसरणारी कल्पना आणि वर्षानुवर्षे टिकलेली ओळख यांतील फरक अनुभवी तज्ज्ञाला काळाच्या नोंदीवरून करता येतो. सोबतच्या आजारावर उपचार करावेत, आणि उपचारांचे परिणाम समजून संमती देण्याची क्षमता व्यक्तीकडे आहे का ते स्वतंत्रपणे पाहावे.

एका व्यक्तीवर तिन्ही मजकूर लावून पाहा

तुलना समजली की नाही हे प्रत्यक्ष उदाहरणाशिवाय कळत नाही. वरच्या तरुणाचे उत्तर आता सोपे आहे : आयसीडी-१० नुसार दोन वर्षांहून अधिक सातत्य, पुरुष म्हणून जगण्याची इच्छा, संप्रेरके व शस्त्रक्रियेची इच्छा, सारे पूर्ण, डीएसएम-५ नुसार पहिला भाग पूर्ण, दुसरा भाग उपनोंदीसह पूर्ण, आयसीडी-११ नुसार निदानात काही अडचणच नाही.

आता दुसरी व्यक्ती घ्या. वय २४, जन्मवेळी नोंद मुलगी. “मी बाई नाही आणि पुरुषही नाही,” असे सांगते, छाती सपाट हवी आहे, पण दाढी आणि जाड आवाज नको म्हणून टेस्टोस्टेरॉन नको. आयसीडी-१० च्या चौकटीत ही व्यक्ती बसत नाही, कारण तिला विरुद्ध लिंगाचे व्हायचे नाही. डीएसएम-५ मध्ये शरीराशी विसंगती, नकोसेपणा आणि अन्य लिंगभावाचे असण्याची इच्छा ही तीन लक्षणे मिळतात. आयसीडी-११ मध्येही शारीरिक लक्षणांची नावड आणि ती नकोशी असणे ही दोन मिळतात. एकच माणूस, एकच आठवडा, आणि १९९० च्या मजकुरानुसार ‘नाही’, आजच्या मजकुरांनुसार ‘होय’. म्हणूनच जुन्या ‘नाही’ला मी अखेरचा शब्द मानत नाही.

तिसऱ्या व्यक्ती किन्नर समाजातील एक ज्येष्ठ गुरू होत्या. चेल्याच्या मृत्यूनंतर त्यांची झोप उडाली होती आणि त्यासाठी त्या आल्या होत्या. त्यांच्या केसपेपरवर लिंगभाव विसंगती लिहावी का, असे माझ्याकडे शिकणाऱ्या मुलीने विचारले. लिहू नये. त्यांनी शरीराबद्दल कोणताही उपचार मागितला नव्हता, घराण्यातील त्यांचे स्थान व ओळख त्यांच्यासाठी पूर्ण होती, आणि त्या शोकासाठी आल्या होत्या. निकष पूर्ण होऊ शकतात एवढ्यावरून निदान लिहायचे नसते. मागितलेल्या काळजीसाठी ते लागते तेव्हा लिहायचे असते.

लहान मुलांचे निकष वेगळे आहेत आणि ते प्रौढांच्या कागदावर मिसळू नयेत. डीएसएम-५ मुलांसाठी आठपैकी सहा लक्षणे मागते, त्यांत दुसऱ्या लिंगभावाचे असण्याची तीव्र इच्छा किंवा तसा आग्रह असलाच पाहिजे, आणि मुदत सहा महिन्यांची आहे. आयसीडी-११ चे एचए ६१ सुमारे दोन वर्षे सातत्य मागते. मुलांना हे निदान द्यावे का यावरच तज्ज्ञांत मतभेद आहेत. नव्याने काम करणाऱ्याने एकट्याने ते देऊ नये.

पत्र लिहिताना

निदान आणि कायदेशीर ओळख यांची गाठ मारू नये. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्वतःचा लिंगभाव ठरवण्याचा अधिकार मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर ठरवले. ओळख प्रमाणपत्राची प्रक्रिया पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा २०१९ चा कायदा आणि त्याखालील २०२० चे नियम यांनी आखली. कायद्यात दुरुस्त्या होत असतात, म्हणून अर्ज करताना त्या दिवशी लागू असलेला मजकूर वाचावा. तुमचे पत्र मात्र वैद्यकीय उपचारासाठी आहे आणि त्यात तेवढेच लिहावे. लिंगभाव ‘बदलून देण्याच्या’ उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे, त्यामुळे तशा शिफारशीला पत्रात जागाच नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मानसिक आजार ठरवण्यासाठी राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या वैद्यकीय मानकांकडे बोट दाखवतो आणि त्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या ताज्या आवृत्तीचा उल्लेख करतो. या कारणाने आणि वर मांडलेल्या कारणांनी मी आयसीडी-११ हे मुख्य निदान म्हणून लिहिते. रुग्णालय किंवा विमा कंपनी डीएसएम मागत असेल तर त्याचे निदान उपनोंदीसह दुसऱ्या ओळीत देते. पारलिंगी आरोग्यासाठीच्या जागतिक व्यावसायिक संघटनेच्या काळजीच्या मानकांची आठवी आवृत्ती २०२२ साली आली. सातव्या आवृत्तीत जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेसाठी दोन पत्रे सुचवली होती, आठवीत प्रौढांसाठी एका योग्य तज्ज्ञाचे मूल्यमापन पुरेसे धरले आहे. तरी अनेक शल्यचिकित्सक दोन पत्रे मागतात, हे रुग्णाला आधीच सांगावे, म्हणजे ऐनवेळी त्याची धावाधाव होणार नाही.

पत्रातील मुख्य परिच्छेद साधारण असा असावा : ‘मी यांना या या दिवशी भेटले. आयसीडी-११ नुसार किशोरवयीन व प्रौढांमधील लिंगभाव विसंगती (एचए ६०) हे निदान लागू होते. जन्मवेळी नोंदवलेले लिंग आणि अनुभवलेला लिंगभाव यांतील विसंगती ठळक असून ती वयात आल्यापासून टिकून आहे. छातीबद्दल तीव्र नकोसेपणा आणि पुरुष म्हणून जगण्याची व स्वीकारले जाण्याची तीव्र इच्छा ही दोन्ही आढळतात. संमती देण्याची क्षमता पूर्ण आहे. सोबतचा कोणताही आजार उपचाराच्या आड येत नाही.’ ‘रुग्ण स्वतःला पुरुष समजते’ यासारखी रचना कटाक्षाने टाळावी. ‘समजते’ या एका शब्दात संशयही येतो आणि चुकीचे लिंगही.

सही करण्यापूर्वी पत्र त्या व्यक्तीला वाचून दाखवावे. आधारवरील नाव रुग्णालयाला लागत असेल तर ते कोठे आणि कितीदा येईल हे तिच्याशी ठरवून घ्यावे. त्या तरुणाला मी पत्र वाचून दाखवले तेव्हा तो मान खाली घालून ऐकत होता. तिसऱ्या परिच्छेदात जुन्या मसुद्यातून राहून गेलेल्या ‘ती’ या शब्दावर त्याने बोट ठेवले. मी तो बदलला, पत्र पुन्हा छापले, आणि त्याने ते घडी न घालता, पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये सरळ ठेवून नेले.